आधी बाहेर कुठून यायचं ते ठरवा: बोनेर बेटावरचं किनाऱ्यावरून केलेलं डायव्हिंग

मालवणला किंवा अंदमानात डायव्हिंग केलेल्या बहुतेकांना बोटीची सवय असते. बोट न्यायला येते, जागेवर सोडते आणि वर आल्यावर उचलून घेते. पाण्याखाली उतरायचं कुठे, प्रवाह कसा आहे, परत कोणत्या बाजूनं यायचं, हे सगळं बोटीवरचा माणूस ठरवतो. किनाऱ्यावरून डायव्हिंग करताना हा माणूस नसतो. तुम्ही, तुमचा बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार, हवेच्या दोन टाक्या आणि समोर समुद्र. स्वातंत्र्य मोठं आहे. पण बोटीवर दुसऱ्यानं घेतलेले सगळे निर्णय आता तुमच्या पदरात पडतात आणि त्यासाठी आराखडा लागतो.

तो कसा करायचा, हे एका खऱ्या जागेवरून समजून घेऊ. कॅरिबियन समुद्रात व्हेनेझुएलाच्या उत्तरेला बोनेर नावाचं छोटं बेट आहे. किनाऱ्यावरून डायव्हिंग करणाऱ्यांची ही पंढरी. 2010 पासून ही नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, पण चलन अमेरिकन डॉलर. घराघरांत पापियामेंतू बोलतात, सरकारी पाट्या डच आणि दुकानात इंग्रजी चालतं. अमेरिकेतून थेट विमानं असल्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना आठवड्याच्या सुट्टीत हे सहज जमतं. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं की शेंगेन व्हिसा आणि या बेटांचा कॅरिबियन व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे असलेल्या कागदांवर प्रवेश मिळतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मालवणला प्रशिक्षकानं टाकीला धरून पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणलं, फोटो काढले, तो अनुभव छान असतो. पण ते लायसन्स नाही. बोनेरला बडीसोबत स्वतंत्रपणे पाण्यात उतरायचं तर किमान ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र हवं. ते तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात मिळवता येतं, अंदमानात मिळवता येतं, अमेरिकेतही मिळवता येतं. या कार्डावर 18 मीटरपर्यंत जायची मुभा असते, ॲडव्हान्स्ड कार्डावर 30 मीटर.

हेच बेट का

बोनेर साधारण 12 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा सतत आपटत असतात आणि पश्चिम किनारा शांत. पावसाळ्यात वाऱ्याकडे पाठ केलेल्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहिल्यावर जसं वाटतं, तसं पश्चिमेच्या पाण्यात वाटतं. डायव्हिंगच्या जवळजवळ सगळ्या जागा याच बाजूला आहेत. किनाऱ्याला समांतर रस्ता जातो आणि रस्त्याकडेला पिवळ्या रंगानं रंगवलेले दगड दिसतात. त्यांवर त्या-त्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. गाडी लावा, टाकी पाठीवर घ्या आणि चालत पाण्यात जा.

पाण्याखालची रचनाही सोयीची आहे. किनाऱ्यापासून थोडं अंतर उथळ, वाळूचं आणि विखुरलेल्या प्रवाळांचं सपाट पठार. मग साधारण 8 ते 10 मीटर खोलीवर कड येते आणि तिथून उतार सुरू होतो, जो 30 मीटरच्याही खाली जातो. या कडेपर्यंत पोहायला बऱ्याच जागी पाचएक मिनिटं पुरतात. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. मुंबईत उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरनं पाणी वर-खाली होतं. त्या हिशोबानं ज्यांचं डोकं चालतं त्यांना बोनेरला भरतीचं वेळापत्रक जवळपास विसरता येतं. पाणी 26 ते 29 अंश सेल्सियस. दृश्यता अनेकदा 25-30 मीटर.

ही पारदर्शकताच नवख्याला फसवते. कोकणातल्या गढूळ पाण्यात पाच मीटर पुढचं दिसत नाही, म्हणून माणूस आपसूक सावध असतो. इथे 25 मीटर खालची वाळू इतकी स्वच्छ दिसते की ती जवळ आहे असं वाटतं. उतारावरून मासा बघत-बघत आपण कधी 27 मीटरवर पोचलो ते कळत नाही. म्हणून इथे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या कम्प्युटरकडे दर मिनिटाला बघायची सवय लावून घ्या.

हे बेट डायव्हिंगसाठी उघडलं त्यामागे कॅप्टन डॉन स्टुअर्ट हा अमेरिकन माणूस होता. 1962 मध्ये तो शिडाच्या जहाजातून इथे आला आणि इथलाच झाला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बेटानं स्वतः केलेलं काम. भाल्यानं मासेमारीवर 1971 मध्ये बंदी आली आणि 1979 मध्ये बेटाभोवतीच्या पाण्याचं सागरी उद्यान झालं. आज इथे नांगर टाकायला बंदी आहे, बोटी कायमच्या बसवलेल्या बोयांना बांधतात. त्या बोया किनाऱ्यावरून जाणाऱ्यालाही खुणेसारख्या उपयोगी पडतात, कारण बहुतेक बोया कडेच्या आसपास असतात.

उलटीकडून आराखडा

बहुतेक लोक आराखडा असा करतात: कुठे उतरू, काय बघू, मग कसे परत येऊ. किनाऱ्यावरून जाताना हा क्रम उलटा करावा. आधी बाहेर यायची जागा, मग परतीसाठी लागणारी हवा, मग वळायची वेळ, आणि सर्वांत शेवटी बघायचं काय. माझ्या मते या एका सवयीनं अर्धी दगदग कमी होते.

यामागचं कारण साधं आहे. आत जाताना तुम्ही ताजेतवाने असता, टाकी भरलेली असते, नाही जमलं तर परत फिरून गाडीत बसता येतं. बाहेर येताना पाय थकलेले, पाठीवर वीसएक किलोचं ओझं आणि लाटा मागून येत असतात. आत जाताना एखादा खडक टाळला तर ती गंमत, बाहेर येताना त्याच खडकावर लाटेनं आपटलं तर घोटा मुरगळतो. म्हणून गाडी लावल्यावर आधी टाक्या उतरवू नका. पाण्याकाठी जाऊन पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा सारख्या ताकदीनं येत नाहीत. चार-पाच मोठ्या येतात, मग थोडी शांतता. ती शांतता किती टिकते ते मोजा. वाळूची पट्टी कुठे आहे आणि काळे धारदार खडक कुठे आहेत ते पाहा. मग स्वतःला विचारा: आत्ता आहेत त्याच्या दुप्पट लाटा झाल्या तरी मी इथून वर येऊ शकेन का? नाही असं उत्तर आलं तर दुसरी बाहेर यायची जागा आधीच शोधून ठेवा, नाहीतर पुढच्या पिवळ्या दगडाकडे चला.

पाण्यात जाताना बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटमध्ये, थोडी हवा भरलेली, मास्क डोळ्यांवर, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात. हे सगळं पाय पाण्यात घालण्याआधी. घोट्याएवढ्या पाण्यातही पडलात तर श्वास घेता आला पाहिजे. फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, हातात, पाय न उचलता वाळूवरून सरकवत पुढे जायचं. त्यामुळे वाळूत दडलेला स्टिंगरे हा काटेरी शेपटीचा मासा असेल तर तो आधीच निघून जातो. कमरेएवढ्या पाण्यात बडीच्या खांद्याचा आधार घेऊन फिन्स चढवायच्या. यासाठी जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेल्या फिन्स हव्यात. तलावात वापरायच्या बुटासारख्या फिन्स इथे निरुपयोगी, कारण अनवाणी पायांनी मेलेल्या प्रवाळांच्या खड्यांवरून चालता येत नाही. हातमोजे मात्र घेऊ नका. सागरी उद्यानात ते चालत नाहीत आणि नियमामागचं कारण पटण्यासारखं आहे: हात उघडे असले की माणूस प्रवाळाला धरायला जात नाही.

पाण्याखाली गेल्यावर पहिलं काम म्हणजे मागे वळून बघणं. जाताना दिसतं ते दृश्य आणि परतताना दिसतं ते दृश्य वेगळं असतं. तुम्ही कडेवर जिथे पोचलात तिथली एखादी ठळक खूण मनात पक्की करा. नळीसारखा मोठा जांभळा स्पंज, वाळूची गल्ली, बोयाचा दोर. तिथली खोली वाचून ठेवा. किनाऱ्याची दिशा होकायंत्रावर आधीच लावलेली असू द्या. जाताना उतार डाव्या हाताला असेल तर परतताना उजव्या हाताला राहील. परतीला खूण चुकली तरी या तीन गोष्टींवरून जागा सापडते.

हवेचा हिशोब

आता थोडं गणित करू. अवघड नाही, पण वहीवर एकदा मांडून बघा.

बोनेरला मिळणारी नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी साधारण 11 लिटरची असते आणि 200 बार दाबाला भरलेली. म्हणजे आत सुमारे 2200 लिटर हवा. पृष्ठभागावर शांत माणूस मिनिटाला समजा 18 लिटर हवा वापरतो. पाण्याच्या वर दाब एक बार असतो, खाली मात्र दर 10 मीटरला तो एक-एक बारनं वाढतो. 15 मीटरवर तो अडीच बार होतो, म्हणून तोच माणूस मिनिटाला 45 लिटर खर्च करतो. टाकीच्या भाषेत, मिनिटाला साधारण 4 बार. त्याच माणसाला 8 मीटरवर 3 बार पुरतात. काट्याकडे बघण्याऐवजी मिनिटाला किती बार जातात हे माहीत असलं की घड्याळ बघूनसुद्धा हवेचा अंदाज येतो.

परतीसाठी किती राखायचं? शिकवताना 50 बार सांगतात. हा आकडा कुठून येतो ते बघण्यासारखं आहे. समजा 18 मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघं तुमच्या एकाच टाकीवर आलात. घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो, म्हणून दोघांचे मिळून मिनिटाला 50 लिटर धरा. 18 मीटरवर 2.8 बार दाब, म्हणजे एक मिनिट सावरायला 140 लिटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब 1.9 बार, म्हणजे 190 लिटर. अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून 5 मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, 225 लिटर. बेरीज 555 लिटर, म्हणजे 11 लिटरच्या टाकीत बरोबर 50 बार. हेच गणित 30 मीटरवर करून बघा. सावरायला 200, वर यायला तीन मिनिटं धरून 375, थांबा 225. बेरीज 800, म्हणजे 70 बारच्या वर. खोल जागेवर 50 बारला वर निघणारे लोक स्वतःपुरतं बघत असतात, बडीला त्यात जागा नसते. मला हे मनापासून खटकतं, कारण बडी हा शब्द त्याच क्षणासाठी आहे.

आता वळायची वेळ. एकतृतीयांशाचा जुना नियम किनाऱ्यावरून जाताना चांगला चालतो: एक भाग जायला, एक परतीला, एक राखीव. 200 बारला साधारण 135 वर वळायचं. 15 मीटरवर मिनिटाला 4 बार जात असतील तर हे 65 बार सोळा मिनिटांत संपतात. परतताना कडेवर 8 मीटरला या, म्हणजे तीच सोळा मिनिटं 48 बारमध्ये होतात. तुम्ही सुरुवातीच्या खुणेपाशी पोचता तेव्हा टाकीत 87 बार आहेत. तिथून 50 पर्यंत आणखी बारा मिनिटं पठारावर रमायला मिळतात. एकूण पाऊण तासाचं डायव्हिंग झालं, घाई न करता आणि घसा कोरडा न पडता. शिवाय 5 मीटरचा थांबा या पठारावरच होऊन जातो. दोरीला लटकून काटा बघत बसावं लागत नाही.

पठारावर बघण्यासारखं खूप असतं. पोपटमासा चोचीनं खडकावरची शेवाळ खरवडतो त्याचा कर्र-कर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. वाळूवर पीकॉक फ्लाउंडर हा चपटा मासा पडलेला असतो. त्याच्या अंगावरच्या निळ्या कड्या तुमच्या डोळ्यांदेखत फिक्या होतात आणि तो वाळूच होऊन जातो. थोडं पुढे गार्डन इल्स म्हणजे बोटाएवढ्या जाडीचे वाम मासे वाळूतून अर्धे वर येऊन प्रवाहाकडे तोंड करून डोलत असतात. तुम्ही तीन-चार मीटरवर आलात की सगळे एकामागून एक बिळात शिरतात. मिनिटभर हालचाल न करता थांबलात तर परत वर येतात.

त्या माशांच्या तोंडाची दिशा बघून प्रवाहही कळतो. नियम असा की जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं आणि परतताना त्याच्यासोबत. किनाऱ्यावरून जाणाऱ्याला हा नियम मोडून चालत नाही. उतरल्या-उतरल्या मिनिटभर एका जागी तरंगत राहा आणि समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे प्रवाळ, कुठे झुकलेत, पाण्यातले कण कुठे वाहताहेत ते बघा. वर वारा एका दिशेला आणि खाली प्रवाह दुसऱ्या दिशेला असं अनेकदा असतं. त्यामुळे डावीकडे जायचं की उजवीकडे हे गाडीत बसून ठरवू नका.

जागांचा क्रम

पहिल्या दिवशी मर्जीप्रमाणे कुठेही उडी मारता येत नाही. आधी सागरी उद्यानाची फी भरायची, ती ऑनलाइन भरता येते. मग डायव्ह शॉपमध्ये नियमांची माहिती ऐकायची आणि त्यांच्याच दारातल्या रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकावर, एक ओळखीचं डायव्ह करायचं. कंटाळवाणं वाटेल, पण गोड्या पाण्यात किंवा जाड वेटसूटमध्ये शिकलेल्याला इथे खाली जाण्यासाठी अंगावर किती वजन लावावं लागतं ते याच वेळी ठरतं. वजन नीट ठरलं की पुढचे सगळे दिवस हवा कमी लागते.

मग पिकअप ट्रक. बोनेरला भाड्यानं मिळणाऱ्या ट्रकच्या मागे टाक्या उभ्या बांधायची सोय असते आणि टाक्या भरण्याच्या ठिकाणी गाडी थेट आत नेऊन त्या बदलून घेता येतात. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेली हवा, सहज मिळतं. त्याचं कार्ड असेल तर जरूर घ्या, कारण दिवसाला तीन-तीन डायव्ह करताना अंगात नायट्रोजन कमी साठतो. 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण असेल तर 33 मीटरच्या खाली जायचं नाही, आणि प्रत्येक टाकी स्वतः मोजून तिच्यावर आकडा लिहायचा. ट्रकमध्ये पासपोर्ट, फोन, पाकीट काहीही ठेवू नका. तुम्ही तासभर पाण्याखाली आहात हे उभ्या ट्रककडे बघून कुणालाही कळतं.

दक्षिणेकडे गेलात तर हिल्मा हूकर हे बुडालेलं मालवाहू जहाज आहे. सुमारे 72 मीटर लांब, 1984 मध्ये बुडालं. गांजा वाहताना पकडलं गेलं होतं. आता 30 मीटरच्या वाळूवर आडवं पडलंय. जहाजाची वरची बाजू 18-20 मीटरवर मिळते, त्यामुळे तळाशी न जाताही बघता येतं. पण इथला नायट्रोजनचा हिशोब कडक आहे. नेहमीच्या तक्त्यांवर साध्या हवेनं 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं राहता येतं आणि 30 मीटरला फक्त 20. म्हणून हे डायव्ह सकाळचं पहिलं ठेवायचं, सर्वांत खोल आधी. नंतर दोनेक तास वर राहून दुसरं डायव्ह उथळ जागी करायचं.

याच रस्त्यावर पुढे सॉल्ट पिअर येतो. मिठागरांचं गुलाबी पाणी, मिठाचे पांढरे ढिगारे आणि समुद्रात शिरलेला धक्का. धक्क्याच्या खांबांवर नारिंगी प्रवाळ आणि रंगीबेरंगी स्पंज चढलेले आहेत, खांबांमधून माशांचे थवे फिरतात. मीठ भरायला जहाज लागलेलं असेल तर मात्र इथे जायचं नाही, त्यामुळे पर्यायी जागा हाताशी हवीच. आणखी दक्षिणेला रस्त्याकडेला छोट्या दगडी खोपट्या दिसतात. 1850 च्या सुमारास मिठागरात राबणाऱ्या गुलामांसाठी त्या बांधल्या होत्या. दारातून वाकूनच आत जावं लागतं आणि आत उभं राहता येत नाही. डच वसाहतींत गुलामगिरी 1863 मध्ये संपली. पिवळ्या दगडांवरची रेड स्लेव्ह, व्हाइट स्लेव्ह ही नावं या इतिहासातून आली आहेत. पाण्यात उतरण्याआधी तिथे थोडं थांबावं असं मला वाटतं. बेटाचं दक्षिण टोक जवळ येईल तसा प्रवाह वाढतो, म्हणून रेड स्लेव्ह नवख्यांसाठी नाही.

उत्तरेला किनारा उंच होत जातो. थाउजंड स्टेप्स या जागेला खऱ्या पायऱ्या सत्तरच्याही आत आहेत, हजार वाटतात त्या टाकी घेऊन वर चढताना. इथे बाहेर येण्याचा आराखडा म्हणजे गुडघ्यांचा आराखडा. डायव्हनंतर लगेच ओझं घेऊन धावपळ करू नये, ते शरीरात साठलेल्या नायट्रोजनसाठी चांगलं नाही. वाळूवर बसून पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग टप्प्याटप्प्यानं चढा. कार्पाटाला भिंतीसारखा उतार आहे आणि प्रवाळ फार देखणे, पण आत जायची वाट खडकाळ. या बाजूचा किनाऱ्याचा रस्ता पुढे एकेरी होतो आणि परत यायला रिंकोन गावावरून वळसा पडतो. त्यामुळे टाक्या संपल्यावर पटकन बदलून आणू असं इथे होत नाही, दिवसाच्या सगळ्या टाक्या सकाळीच घेऊन निघा.

पूर्व किनाऱ्याबद्दल एकच वाक्य पुरेसं आहे: तिथल्या पाण्याची पक्की माहिती असलेला स्थानिक मार्गदर्शक सोबत नसेल तर जाऊ नका.

रात्रीच्या डायव्हसाठी दिवसा ओळखीची झालेली जागाच निवडा. किनाऱ्यावर, बाहेर यायच्या ठिकाणी, एक दिवा लावून ठेवा. टॉर्चच्या उजेडात टार्पन हे माणसाएवढे चंदेरी मासे शिकार करायला येतात, अचानक खांद्यावरून पुढे जातात. ते काही करत नाहीत, पण हे आधी माहीत नसेल तर काळजात धस्स होतं. शक्य असेल तर पौर्णिमेनंतरच्या दोन ते पाच दिवसांत एक संध्याकाळ राखून ठेवा. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासानं, चंद्र वर यायच्या आत, टॉर्च बंद करून प्रवाळांच्या वर थांबायचं. ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव जोडीदाराला बोलावण्यासाठी निळसर ठिपके सोडत वर चढतात आणि बघता-बघता सगळीकडे मण्यांच्या माळा लोंबायला लागतात.

वारा फिरला तर

चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बोनेर दक्षिणेला आहे, म्हणून लोक बेफिकीर असतात. वादळ थेट आलं नाही तरी उत्तरेकडून जाताना ते वाऱ्याची दिशा पालटवू शकतं. मग पश्चिमेचा शांत किनाराच लाटांच्या तोंडी येतो. 1999 चं लेनी आणि 2008 चं ओमार या दोन वादळांनी असंच इथल्या उथळ प्रवाळांचं मोठं नुकसान केलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्यापारी वारे मंदावतात, पाणी सुंदर असतं, आणि वारा फिरण्याची शक्यताही याच काळात जास्त. रोज सकाळी लाटांचा अंदाज बघा. वारा पश्चिमेचा झाला तर त्या दिवशी डायव्हिंग नाही, त्यावर घासाघीस करू नका. सुट्टीचा एक दिवस असा जाणार हे आधीच धरून ठेवलं तर तो वाया गेल्यासारखा वाटत नाही.

प्रवाळांवर दुसरं संकट आलं आहे. स्टोनी कोरल टिश्यू लॉस नावाचा रोग 2023 मध्ये बोनेरला पोचला. शेकडो वर्षं वाढलेला प्रवाळ काही आठवड्यांत पांढरा पडून मरतो. म्हणून काही जागा अधूनमधून बंद ठेवतात आणि सामान जंतुनाशकात बुडवून धुवायला सांगतात. डायव्ह शॉपमध्ये त्यासाठी वेगळा हौद असतो. भूक लागलेली असताना हे राहून जातं, तरीही करा. रोग असलेल्या भागातून स्वच्छ भागात जाताना तर करायलाच हवं. काही रासायनिक सनस्क्रीनच्या विक्रीवरही बेटावर बंदी आहे, त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड बरा.

शेवटचा दिवस

आठवडाभर दिवसाला दोन-तीन डायव्ह केले की शरीरातल्या ऊतींत नायट्रोजन साठतो. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे तो बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. म्हणून अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर किमान 18 तास विमानात बसू नये, एकच डायव्ह असेल तर किमान 12. मी तर पूर्ण दिवस सोडावा असंच म्हणेन. हाही हिशोब उलटा करायचा: शनिवारी दुपारी दोनचं विमान असेल तर शुक्रवारी रात्री आठनंतर पाण्यात असता कामा नये, आणि सवड हवी असेल तर शुक्रवारी दुपारचं डायव्ह शेवटचं. तिकीट काढतानाच हे बघितलं तर सकाळचं स्वस्त विमान घेऊन एक दिवस गमवावा लागत नाही. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विलक्षण थकवा किंवा अंगावर चट्टे जाणवले तर ते प्रवासाचं म्हणून सोडून देऊ नका. बेटावर दाबकक्षाची, म्हणजे वाढवलेल्या दाबात ठेवून उपचार करायच्या खोलीची, सोय आहे. लगेच ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टर गाठा. डायव्हिंगचा विमा निघण्याआधीच काढलेला असावा, नेहमीचा प्रवासविमा हा खर्च बरेचदा देत नाही.

शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार बेट जमिनीवरून बघा. वायव्येला वॉशिंग्टन स्लॅगबाय हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला ब्रँडारिस हा सर्वांत उंच डोंगर 241 मीटरचा, म्हणजे तेवढ्या चढाईनं डायव्हरला काही होत नाही. गोटोमेअर या तळ्यावर फ्लेमिंगो असतात. सामान मात्र शुक्रवारी संध्याकाळीच गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाला. बीसीडीच्या आतलं पाणीही काढा, नाहीतर दोन किलो समुद्र बॅगेत घेऊन विमानतळावर वजनाचे जास्तीचे पैसे भराल.